दूरच्या वाडीची खबर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी दोनदा दूरध्वनी करून खात्री करून घेतली. विषय वरवर पाहता माळीकामाचा आहे. घरापासून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर असलेल्या बागेतील माती ओली आहे की कोरडी, हे घरबसल्या, तारेवाचून आणि घरीच जुळवलेल्या यंत्राने आता कळू शकते. ही सोय आज कोणाही हौशी मुलाच्या आवाक्यात आली आहे. ती इथवर कशी आली, याचा इतिहास मला सांगायचा आहे. बोलता बोलता गाडी मजुरीच्या प्रश्नावर येणार आहे. त्याला माझा इलाज नाही. जन्म त्यातच गेला.

दूरच्या शेताची खबर मिळवण्याची गरज काही आजची नाही. आपल्या धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी क्रमाने फिरवायचे, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेत पाटकरी पाण्याची वाटणी बघे, जागल्या उभ्या पिकाची राखण करी, आणि त्यांच्यावर देखरेखीला हवालदार असे. मेहनताना धान्याच्या रूपाने, पीक निघाल्यावर, खातेदार देत. कोणत्या फडाची माती तडकली, कोणाचा बांध फुटला, कोठे गुरे शिरली, ही सारी वार्ता या माणसांच्या तोंडून गावाला कळे. तेव्हा बागेचा डोळा म्हणजे पगारी माणूस होता, आणि त्याला काही विचारायचे तर त्याच्यासमोर उभे राहून विचारावे लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

राखणीची एक फ्रेंच गोष्टही सांगण्यासारखी आहे. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार ज्याला बोर्डो म्हणतात ते मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण राखणीच्या युक्तीतून जन्मले. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आसपास, रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून खात. ती विषारी वाटावीत म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर हे निळसर पाणी शिंपडत. १८८२ साली बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे तेथून जात असता त्यांना दिसले की, केवडा रोगाने आतल्या वेलींची पाने गळून गेली आहेत आणि कडेच्या निळ्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. त्यांनी त्याचा छडा लावला आणि १८८५ साली ते मिश्रण जगापुढे ठेवले. चोरावर नजर ठेवायला माणूस परवडत नव्हता म्हणून केलेला उपाय, आणि त्यातून रोगावरचे औषध निघाले. बागेचा इतिहास हा असा वाकड्या वाटेने चालतो.

आता माणसाच्या नजरेऐवजी यंत्र बसवायचे, तर दोन गोष्टी हव्यात. झाडाला किंवा मातीला काय होते आहे ते ओळखणारे काही तरी हवे, आणि ते कळलेले तारेवाचून दूर पोहोचवणारे काही तरी हवे. या दोन्ही कामांत ज्यांचे नाव अगदी पहिल्या फळीत घ्यावे लागते असे एक गृहस्थ आपल्याच देशात होऊन गेले. आचार्य जगदीशचंद्र बोस हे ते गृहस्थ. त्यांच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. त्याचे एक कारण असे की, त्यांचा पहिला मोठा प्रयोग बिनतारी लहरींचा नव्हता, पगाराचा होता.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. त्या काळी त्याच कामाबद्दल हिंदी प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे, आणि बोसांची नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याच्याही निम्मा, म्हणजे एक-तृतीयांश देऊ केला गेला. बोस कामावर नियमित गेले. शिकवण्यात कसूर केली नाही, पण पगाराला हात लावला नाही, एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षे! शेवटी सरकारने त्यांना पूर्ण पगारावर घेतले आणि मागील बाकीही चुकती केली. आमच्या चळवळीत समान कामाला समान दाम ही घोषणा पुढे कितीतरी वर्षांनी आली. एका माणसाने, संपाशिवाय आणि संघटनेशिवाय, ती आधीच अमलात आणून दाखवली होती. अर्थात तीन वर्षे बिनपगारी राहणे हे गिरणी कामगाराला जमणारे नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बोसांजवळ नीट प्रयोगशाळा नव्हती. एका साध्या कलकत्तेकर पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी आपली उपकरणे बनवून घेतली. त्यांनी निर्माण केलेल्या विद्युल्लहरींची लांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणलेली होती. इतक्या आखूड लहरी त्या काळी क्वचितच कोणी हाताळलेल्या होत्या. या लहरींचे ध्रुवीकरण करायला, म्हणजे त्यांची एकाच दिशेची कंपने तेवढी पुढे जाऊ द्यायला, त्यांनी काय वापरले असेल? आगगाडीचे वेळापत्रक! ब्रॅडशॉचे जाडजूड वेळापत्रक घेऊन त्याच्या पानापानांमध्ये कथलाचा वर्ख घातला, की झाले उपकरण तयार. पिळलेल्या तागाच्या जुड्याही त्यांनी ध्रुवीकरणाच्या प्रयोगांत वापरल्या. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा बार उडवून दाखवला. लहरी ओळखणारा गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक त्यांनी शोधला. त्याचे अमेरिकेतील पेटंट १९०४ साली मिळाले, तेही मित्रांच्या आग्रहाने, कारण शोधावर पैसे मिळवणे त्यांना मनातून रुचत नसे.

आणि येथे या माणसाने वाट बदलली. शतक बदलण्याच्या सुमारास ते बिनतारी सोडून वनस्पतींकडे वळले. झाडाची वाढ डोळ्यांना दिसत नाही. ती दिसावी म्हणून त्यांनी क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र रचले. तरफांच्या साहाय्याने वाढीची हालचाल १०,००० पट मोठी होई आणि काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांच्या रूपाने उमटे. पाणी दिले, खत दिले, थंडी लागली, विषारी द्रव्य लावले, की ठिपक्यांची ओळ लगेच बदले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली. झाडाला सुखदुःख असते अशा अर्थाने त्यांची काही विधाने वाहवत गेली, आणि त्यावर तज्ज्ञांनी टीका केली, ती सर्वस्वी चूक होती असे मला वाटत नाही. परंतु वनस्पतीत विजेचे संकेत धावतात, हे त्यांचे मूळ म्हणणे पुढे खरे ठरले.

मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. एका हाती बिनतारी, दुसऱ्या हाती झाडाची नाडी. आणि दोन्ही हात एकमेकांना जोडावेत, झाडाची नाडी बिनतारीने दूर पाठवावी, हे त्यांनी केले नाही. करण्याची गरजही त्यांना भासली नसावी, कारण झाड त्यांच्या टेबलावर होते. दूरच्या बागेची चिंता ज्याला असते त्यालाच ती युक्ती सुचणार.

ती सुचली हवेच्या अभ्यासकांना, आणि तीही नाइलाजाने. वरच्या हवेचे तापमान मोजायला ते फुग्याला स्वयंलेखी यंत्र बांधून सोडत. फुगा फुटून यंत्र कोठेतरी रानात पडे. ज्याला सापडेल त्याने ते आणून द्यावे, बक्षीस मिळेल, अशी चिठ्ठी बरोबर असे. आकडे हाती यायला कधी आठवडे लागत, कधी ते येतच नसत. फ्रान्समध्ये रॉबेर ब्यूरो यांनी १९२९ च्या जानेवारीत आणि रशियात मोल्चानोव्ह यांनी सुमारे एक वर्षाने फुग्याबरोबर लहानसे प्रक्षेपक यंत्रच वर धाडले. तापमान वर असतानाच खाली ऐकू आले. माणूस जेथे जाऊ शकत नाही तेथून मापाचा आकडा बिनतारीने आणणे ही कल्पना येथे प्रथम रोजच्या कामाची झाली. बाकी तपशिलात आपल्याला जायचे नाही.

मातीकडे येऊ. मातीत दोन धातूचे तुकडे रोवले आणि त्यांतून विजेचा प्रवाह सोडला, तर ओल्या मातीतून तो सहज जातो, कोरडीतून अडखळतो. तेव्हा विरोध मोजला की ओल कळली, असा सरळ हिशेब अमेरिकेच्या शेतकी खात्यातील मिल्टन व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९७ साली मांडला. हिशेब सरळ होता, पण माती सरळ नव्हती. मातीत क्षार असतात. खत टाकले की क्षार वाढतात, आणि तीच ओल असताना विरोध कमी दिसतो. त्यामुळे आकडा ओलीचा समजावा की खताचा, हे कळेना. या कोड्यात चाळीस-बेचाळीस वर्षे गेली. १९४० साली मिशिगनमध्ये, मूळचे ग्रीसमधले असलेले जॉर्ज बुयूकोस आणि त्यांचे सहकारी मिक यांनी तोड काढली. त्यांनी दोन्ही तारा जिप्समच्या ठोकळ्यात ओतून बसवल्या आणि तो ठोकळा मातीत पुरला. जिप्सम माती ओली झाली की ओले होते, वाळली की वाळते. आणि ते स्वतःच किंचित विरघळत असल्यामुळे आतल्या पाण्यात क्षाराचे प्रमाण जवळजवळ कायम राहते, मग बाहेर थोडेफार खत पडले तरी आकडा हलत नाही. ठोकळा काही वर्षांत झिजतो, तेव्हा दुसरा पुरायचा.

त्यांनी आणखी एक पथ्य पाळले होते, आणि ते माझ्या आजच्या कथेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मोजण्यासाठी त्यांनी एकाच दिशेने वाहणारा प्रवाह वापरला नाही. क्षणाक्षणाला दिशा बदलणारा वापरला. कारण एकाच दिशेचा प्रवाह ओल्या मातीतून सतत जाऊ दिला, तर मुलामा चढवण्याच्या कारखान्यात जे घडते तेच जमिनीत घडते. एका तारेचा धातू विरघळून मातीत उतरू लागतो, दुसरीवर वायूचे बुडबुडे व पुटे धरतात, आणि मापणारी वस्तूच खाऊन जाते. मी रात्रशाळेत शिकलेला माणूस. व्हीटस्टनचा सेतू मला कळला तो चाळिशी उलटल्यावर, तोही एका वायरमनच्या घरी जमिनीवर खडूने काढलेल्या आकृतीवरून. पण मुलाम्याच्या हौदावर काम करणारी माणसे मी पाहिली होती, म्हणून ही गोष्ट मला चटकन पटली.

आता पुण्याची गोष्ट. शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणून जी इमारत आहे तिच्यावरून आपण रोज जातो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून तेथे आले, म्हणून ते नाव. त्या खात्यात १९३२ साली शेतीच्या हवामानाची स्वतंत्र शाखा निघाली आणि तिची सूत्रे डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आली. हे सर सी. व्ही. रामन यांचे शिष्य. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना रात्री उघड्या जमिनीलगत तापमान कसे बदलते, ते त्यांनी बारकाईने मोजले. सगळ्यांची समजूत अशी की, रात्री जमीन उष्णता बाहेर टाकते, सबब सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभागच असली पाहिजे. रामदासांना निराळेच दिसले. सर्वांत थंड थर जमिनीवर नव्हता. तो एक-दोन विती वर होता.

या शोधावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. उष्णतामापक नीट धरला नसेल, त्याच्यावर आच पडली असेल, काही तरी हाताळण्यातली चूक असेल, असे म्हटले गेले. पण पुढे इतर देशांतही, अधिक चांगल्या उपकरणांनी, तेच आढळले. त्याची समाधानकारक मीमांसा रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली ती १९९३ साली, म्हणजे साठ वर्षांनंतर. आज त्या थराला रामदासांचेच नाव आहे. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षमळ्यातून शेकोट्या पेटवतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना या एक-दोन वितींचे मोल सांगायला नको. मापक जमिनीला टेकवून ठेवला तर तो एक सांगेल, गुडघाभर उंचीवर टांगला तर दुसरे.

रामदासांच्या बाबतीत यंत्र खरे बोलत होते आणि विद्वान त्याला खोटे म्हणत होते. उलटही घडते, आणि ते मला पुढे सांगायचे आहे.

घरगुती यंत्राच्या मार्गात विज्ञानाइतकाच कायदाही आडवा होता. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. या सभागृहातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, साध्या रेडिओचाही परवाना पोस्टात पैसे भरून दरसाल नवा करावा लागे. ती पद्धत १९८० च्या दशकापर्यंत होती. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. हा आपल्याकडचा घरगुती बिनतारीचा सर्वांत तेजस्वी अध्याय आहे, आणि त्याची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली. आज शेतातला लहानसा प्रक्षेपक ज्या लहरींवर बोलतो त्यांपैकी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्या सरकारने २००५ साली, अल्पशक्तीच्या यंत्रांपुरता, परवान्यातून मोकळा केला.

याच सुमारास सगळेच धागे जुळून आले. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्याजवळील ग्रेट डक बेटावर बर्कलेच्या संशोधकांनी ३२ लहान यंत्रे पेरली. त्या बेटावर वादळी पाखरू म्हणून एक समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतो. माणूस वारंवार जवळ गेला तर पक्ष्यांना उपद्रव होतो, म्हणून बिळातले तापमान व दमटपणा यंत्राने मोजायचे. प्रत्येक यंत्र आपला आकडा शेजारच्या ठाण्याला देई आणि तेथून तो उपग्रहाच्या वाटेने देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्कलेला जाई. शक्ती काय, तर हातविजेरीत घालतो तसले सेल. या उपक्रमाच्या अहवालातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार बोधक वाटली. जे यंत्र आत पाणी शिरून मरणार होते, त्याचे दमटपणाचे आकडे मरणापूर्वी वेडेवाकडे होऊ लागत. ते पाहून यंत्र आजारी आहे हे ओळखता येई. पण ज्याला ही खूण ठाऊक नाही, त्याला काय वाटेल? बिळाचीच हवा बिघडली असे वाटेल.

आपल्याकडे पवईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक उदय देसाई यांच्या चमूने या शतकाच्या पहिल्या दशकात नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात असे जाळे बसवून पाहिले. द्राक्षावरचा केवडा पान किती तास ओले राहिले यावर अवलंबून असतो, आणि रात्रभर पानाकडे बघत कोण बसणार? याच काळात पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून शेतातला पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' आणले. आपल्याकडे शेतीची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, कित्येकदा मध्यरात्री येत आली आहे. हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत गेलेल्या शेतकऱ्याला या यंत्राचे महत्त्व पटवून द्यावे लागले नाही.

परंतु ही कामे अभियंत्यांची झाली. सामान्य माणसाच्या हातात हे आले ते इटलीतील इव्रेआ गावामुळे. टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या ओलिवेत्ती कारखान्याचे हे गाव. कारखान्याची भरभराट सरल्यावर तेथे एक रचनाशाळा निघाली होती. तिथल्या शिक्षकांनी २००५ साली, आपल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात वापरता यावी म्हणून, एक लहान संगणक-पाटी तयार केली आणि तिचा आराखडा जगाला मोकळा करून टाकला. संध्याकाळी ते ज्या पेयगृहात बसत त्याचे नाव त्यांनी तिला दिले: आर्दुइनो. हे नाव मूळचे अकराव्या शतकाच्या आरंभी इटलीचा राजा झालेल्या इव्रेआच्या एका सरदाराचे. राज्य गेले, कारखाना ओसरला, पाटी मात्र जगभर गेली. आराखडा मोकळा असल्यामुळे ती वाटेल त्याने बनवली, आणि आज तिची नक्कल आपल्या बाजारात शेतमजुराच्या दोन दिवसांच्या मजुरीत मिळते.

येथपर्यंत मी आनंदाने सांगत आलो. आता ज्या प्रसंगाने मी या विषयाकडे वळलो तो सांगतो.

माझे एक जुने सहकारी कारखान्यातून निवृत्त झाले. दक्षिण कोकणात त्यांची वडिलोपार्जित सुपारीची वाडी आहे. स्वतः शहरात राहतात. वाडी एका साठी उलटलेल्या गड्याच्या हवाली. विहिरीचे पाणी पाटाने आळ्याआळ्यांत फिरवणे, ज्याला तिकडे शिंपणे म्हणतात, ते त्याचे काम. दरमहा ठरलेला पगार. सहकाऱ्यांच्या मुलाने हौसेने एक यंत्र जुळवले: मातीत रोवलेल्या तांब्याच्या दोन कांड्या, आर्दुइनोची पाटी, मोबाईलचे सिमकार्ड, वर सौर तावदान. तासातासाला आकडा शहरात. पहिले पंधरा दिवस बाप-लेक दोघेही खूश. मग आकडे कोरडेपणाकडे सरकू लागले. महिन्याभरात असे दिसू लागले, की वाडीला पाणीच मिळत नाही. गड्याला विचारले, तो म्हणाला मी रोज शिंपतो. मोबाईलवरचा आकडा म्हणत होता, खोटे आहे. सहकाऱ्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला आणि दोन महिन्यांचा पगार अडवून धरला.

गड्याचा पुतण्या माझ्या ओळखीचा निघाला, म्हणून तक्रार माझ्यापर्यंत आली. मला धक्का बसला तो तक्रारीचा नव्हे, ज्यांच्याविरुद्ध ती होती त्यांचा. १९९० च्या दशकात, आम्ही दोघे एकाच कारखान्यात असताना, फाटकावरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते आणि त्या सात मिनिटांपायी माणसांचे अर्धे अर्धे दिवस कापले जात होते. ते घड्याळ उतरवून तपासून घ्या, असे व्यवस्थापनासमोर ठणकावून सांगणारा माणूस हाच! मुंबईत १९२८ साली गिरण्या सहा महिने बंद पडल्या, तेव्हा एका माणसाने किती साचे सांभाळायचे हा प्रश्न होता. माप कोण ठरवणार आणि मापाची तपासणी कोण करणार, हा प्रश्न त्यात होताच. हा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. कार्यकर्त्यांच्या शिबिरात तो ते शिकवीत.

आम्ही तिघे वाडीवर गेलो. गडी चिडलेला नव्हता, थकलेला होता. मला म्हणाला, "सायब, वायच माती हातात घेऊन बघा, मग बोला." मी घेतली, गार होती, ओली होती. पण हाताचा पुरावा मुलाला पटेना, कारण त्याच्या हातात आकडा होता. तेव्हा मी जुनी रीत वापरली. प्रयोगशाळेत माती भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून आधीचे आणि नंतरचे वजन घेतात. आमच्याजवळ भट्टी कोठली? गड्याच्या बायकोने चुलीवर तवा ठेवला. कांड्यांच्या शेजारची २०० ग्रॅम माती वाण्याच्या काट्यावर तोलून घेतली, तव्यावर दोन तास मंद आचेवर परतली, पुन्हा तोलली. १६० भरली. चाळीस ग्रॅम पाणी होते. मग मुलाने कांड्या उपटल्या. एक कांडी हिरवीगार होऊन पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती झाली होती, तिच्याभोवतीची माती निळसर पडली होती. त्याने पाच व्होल्टचा एकाच दिशेचा प्रवाह अहोरात्र चालू ठेवला होता. कांडी झिजत गेली, तसा विरोध वाढत गेला, आणि वाढता विरोध म्हणजे कोरडी माती असे यंत्राला शिकवलेले होते. १९४० साली बुयूकोस ज्याची काळजी घेऊन बसले होते तीच चूक ऐंशीहून अधिक वर्षांनी एका सुपारीच्या वाडीत एका म्हाताऱ्याच्या पगारावर येऊन पडली.

मुलगा हुशार आणि मनाचा सरळ आहे. तो गड्याच्या पाया पडला. बापाने पडवीतच पैसे मोजून दिले. बोलले मात्र काही नाहीत, आणि परतीच्या प्रवासात आम्ही रत्नागिरीपर्यंत गप्प होतो.

पुढच्या खेपेस मुलाने कांड्यांऐवजी रोगण दिलेली चपटी पट्टी बसवली. तिच्यात धातू मातीला लागतच नाही. मातीतल्या पाण्यामुळे पट्टीची विद्युत् साठवण्याची शक्ती किती बदलते तेवढे ती पाहते. शिवाय प्रवाह तासातून क्षणभरच सुरू होतो. ही पट्टीही चुकते. तिच्या कडेने पाणी आत शिरते, आणि ऊन तापले की आकडा थोडा हलतो. म्हणून मी एक करार लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, माझी सवयच ती. गड्याने एक वही ठेवायची, रोज किती ओळी शिंपल्या त्याच्या रेघा तिच्यात ओढायच्या. वही आणि आकडा जुळले नाहीत तर प्रथम गड्याला दूरध्वनी करायचा, मग तव्यावरची परीक्षा, आणि तोपर्यंत पगार अडवायचा नाही.

चौथे कलम गड्याने स्वतः सुचवले. सौर तावदानावर सुपारीची झावळी पडते, पाखरे घाण करतात. ते पुसावे लागते, पट्टीभोवतीची मुंग्यांची वारुळे काढावी लागतात. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक वाचणाऱ्याला त्याबद्दल मानधन मिळते, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्याने मागितले दरमहा दोनशे रुपये. सहकाऱ्यांनी दीडशे म्हटले. मी मध्ये बोललो नाही. अर्ध्या तासाने एकशे ऐंशीवर ठरले, आणि ते गेल्या आषाढापासून मिळत आहेत.